अकॅडमीसाठी पोरं कशी निवडायची, आणि निवडल्यावर काय करायचं

तेरा वर्षांखालच्यांची फुटबॉल मॅच बघायला गेलात की सगळ्यांत भारी पोरगा कोण हे दहा मिनिटांत कळतं. तुम्हालाच काय, कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या कुणाच्याही काकांना कळतं. तो बाकीच्यांपेक्षा हातभर उंच असतो, चेंडू घेऊन सुटला की कुणाला सापडत नाही आणि गोलही तोच मारतो. त्याचं नाव वहीत उतरवायला क्लबने पगारी माणूस ठेवायची गरज नाही. आपल्याला पगार मिळतो तो पुढच्या प्रश्नासाठी. हा पोरगा आज पुढे का आहे? आणि जे कारण सापडेल ते तो वीस वर्षांचा होईपर्यंत टिकेल का?

मी फुटबॉल क्लबसाठी युवा भरतीचं काम करते, म्हणजे क्लब जिथे पोरं घडवतो त्या अकॅडमीत कोण येणार आणि कोण जाणार त्या कागदावर माझी सही असते. हे लिहितेय ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी. त्यातही ज्यांच्या क्लबकडे पैसा मोजका आहे आणि शेजारचा मोठा क्लब टपून बसलाय, त्यांच्यासाठी जास्त.

वही उघडण्याआधी

स्काउटला, म्हणजे पोरं हेरायला फिरणाऱ्या माणसाला, मैदानावर पाठवण्याआधी ऑफिसात बसून एक तक्ता करा. उभ्या रांगेत गोलकीपरपासून स्ट्रायकरपर्यंतच्या जागा, आडव्या रांगेत वयोगट. प्रत्येक खणात नाव, जन्मतारीख आणि करार कधी संपतो ते लिहा. तक्ता भरला की भोकं आपोआप दिसतात. पंधरा वर्षांखालच्यांत विंगर (कडेने पळणारे) चार आणि डाव्या पायाचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) एकही नाही, असलं काहीतरी निघतंच. हा तक्ता नसेल तर स्काउट त्याला आवडलेली पोरं आणतो, आणि स्काउटला बहुधा विंगरच आवडतात.

मग क्लब कसा खेळतो ते कागदावर आणा. नेदरलँड्सच्या अयाक्स क्लबने वर्षानुवर्षं चार निकष वापरले: तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. पहिले दोन शिकवता येतात, शेवटचे दोन पोरगा बरेचसे सोबतच घेऊन येतो, असा तिथला हिशेब. तुमचे निकष वेगळे असू देत, पण चारच असू देत. वीस रकान्यांचा फॉर्म कुणी मनापासून भरत नाही, सगळीकडे सात-सात मार्क टाकून मोकळे होतात.

कोणत्या वयाची पोरं घ्यायची हेही आधीच ठरवा. बिल्बाओचा ॲथलेटिक क्लब फक्त बास्क मुलखातले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेतो. त्यामुळे त्यांना लहानपणापासून पोरं धरून घडवण्यावाचून गत्यंतरच नाही, आणि लेझामाचं त्यांचं प्रशिक्षण केंद्र त्यासाठी १९७१ पासून चालू आहे. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने २०१६ मध्ये नेमकं उलट केलं. घडवलेली पोरं मोठे क्लब किरकोळ भरपाई देऊन उचलून नेतात म्हणून त्यांनी अकॅडमीच बंद केली आणि इतर क्लबांनी सोडलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची बी टीम उभी केली. पुढे प्रीमियर लीगमध्ये पोचल्यावर २०२२ मध्ये अकॅडमी पुन्हा सुरू केली. दोन्ही निर्णय आपापल्या वेळी शहाणपणाचे होते असं माझं मत. जे पोरगं तुम्हाला टिकवता येणार नाही त्याच्यावर आठ वर्षं खर्च करायची की नाही, हा प्रश्न कोचला विचारू नका, हिशेब ठेवणाऱ्याला विचारा.

जन्मतारीख आधी, खेळ नंतर

वयोगट पाडणारी जन्मतारखेची रेघ कुठे जानेवारीत पडते, इंग्लंडमध्ये सप्टेंबरात. रेघ कुठेही असो, तिच्या लगेच पुढे जन्मलेली पोरं अकॅडमीत हमखास जास्त भरतात. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या बाबतीत ही गोष्ट १९८५ मध्येच दाखवली गेली होती, फुटबॉलमध्ये तर ती जगभर सापडते. कारण सोपं आहे. नऊ वर्षांच्या गटात पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात जन्मलेल्यांमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, म्हणजे एका पोराच्या आयुष्याचा नववा हिस्सा. आपण वय बघत असतो आणि वहीत गुणवत्ता म्हणून लिहीत असतो.

‘आमच्या स्काउटला जन्मतारखा दिलेल्या असतात’ असं सांगून भागत नाही. नेदरलँड्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही स्काउटना जन्मतारखांची यादी दिली, तरी त्यांचा कल मोठ्या पोरांकडेच राहिला. पण जर्सीचे नंबरच वयाच्या क्रमाने दिले तेव्हा तो कल गेला. यादी खिशात राहते, नंबर डोळ्यांसमोर पळतो. ट्रायलला ही युक्ती फुकट करता येते. सगळ्यांत थोरल्याला एक नंबर, सगळ्यांत धाकट्याला शेवटचा. खेळ संपल्यावर निवडलेले नंबर मोठ्याने वाचा. सगळे आठच्या आतले निघाले तर चहा घ्या आणि पुन्हा बसा.

उंची मोजा, अंदाज बांधू नका

जन्मतारखेपेक्षा मोठा घोळ शरीराच्या वाढीचा. एकाच महिन्यात जन्मलेली तेरा वर्षांची दोन पोरं शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. मुलग्यांत उंची सगळ्यांत झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींत बाराव्या. पण हा मागेपुढे होणारा आकडा आहे आणि अकॅडमीचे बरेच चुकीचे निर्णय याच काळात होतात.

दर तीन महिन्यांनी उभी उंची, बसून उंची आणि वजन घ्या. त्याच वेळी, त्याच भिंतीला, अनवाणी. आई-वडिलांची उंची प्रत्यक्ष मोजून घ्या, कारण बाप लोक स्वतःची उंची सांगताना दोन इंच उदार होतात. पोराचं वय, उंची, वजन आणि आई-वडिलांच्या उंचीची सरासरी एवढ्यावर खामिस-रोश पद्धतीने त्याची मोठेपणीची उंची अंदाजाने काढता येते. आजची उंची त्या अंदाजाच्या किती टक्के झाली, ते रिपोर्टवर नावाशेजारी लिहा. तेरा वर्षांचा एक पोरगा ९४ टक्के आणि दुसरा ८५ टक्के असेल, तर पहिल्याने दुसऱ्याला खांद्याने बाजूला सारून चेंडू घेतला याला रिपोर्टमध्ये जागा देऊ नका.

याच टक्क्यांवर गट पाडून अधूनमधून सामने खेळवतात, त्याला बायो-बँडिंग म्हणतात. इंग्लंडमधल्या क्लबांनी त्याच्या स्पर्धाही घेतल्या आहेत. लवकर वाढलेल्या पोराला तिथे पहिल्यांदाच आपल्याएवढ्या अंगाचा प्रतिस्पर्धी भेटतो आणि पळून सुटता येत नाही म्हटल्यावर तो पास शोधायला लागतो. उशिरा वाढणाऱ्याला चेंडू पायाशी ठेवायची उसंत मिळते. महिन्यातून एकदा पुरे. रोजचा सराव आपल्या वयाच्या पोरांबरोबरच होऊ दे, मैत्रीही तिथेच होते.

हॅरी केनला आर्सेनलने लहानपणी सोडून दिलं होतं. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी काढलं. आंत्वान ग्रिझमनला अंगाने बारका म्हणून फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं आणि तो चौदाव्या वर्षी स्पेनला रेआल सोसिदादकडे गेला. पुढे तिघेही मोठे खेळाडू झाले, म्हणून ही नावं प्रत्येक बैठकीत निघतात. ऐकायला छान वाटतात, पण त्यांचा गैरवापरही होतो. प्रत्येक बुटका पोरगा उशिरा वाढणारा नसतो. काहींची वाढ झालेली असते आणि ते बुटकेच राहणार असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘अजून वाढेल’ या आशेवर त्याला सेंटर बॅक म्हणून ठेवू नका. मोजपट्टी याचसाठी, दोन्ही बाजूंची भाबडी समजूत मोडायला.

मैदानाच्या कडेला

एका मॅचमध्ये एकच खेळाडू बघा. चेंडूकडे बघायची सवय मोडायला वेळ लागतो, पण चेंडू त्याच्यापासून चाळीस मीटरवर असताना तो काय करतो यातच निम्मा रिपोर्ट असतो.

मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, असेल तर मी मान बघते. पास त्याच्याकडे निघायच्या आधीच्या काही सेकंदांत तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो? नॉर्वेचे गेइर योर्डेट यांनी यावर बराच अभ्यास केलाय आणि जास्त वेळा बघणाऱ्यांचे पास जास्त जमतात असं त्यांना आढळलं. नुसत्या मोजणीत अडकू नका मात्र. कोचने सांगितलं म्हणून मान हलवणारी पोरंही असतात, पंखा फिरावा तशी फिरते आणि दिसत काहीच नाही. खरी खूण पुढच्या स्पर्शात मिळते. मागून दाब येतोय हे दिसलं असेल तर पहिला टच दाबापासून लांब, मोकळ्या जागेकडे जातो. दिसलं नसेल तर चेंडू पायाखाली मरतो आणि मग तो मान वर करतो. हा फरक पाच-सहा वेळा दिसला की मला पोरगा कळतो. उंची, वेग, गोल, यांतलं काहीही त्यासाठी लागत नाही.

बाकी गोष्टी झटपट. चेंडू गमावल्यावरची पहिली तीन पावलं. टीम दोन गोलांनी मागे असताना तो चेंडू मागतो की लपतो. बदली म्हणून बाहेर काढल्यावर बाकावर कसा बसतो. आणि निदान तीन मॅच बघा, त्यातली एक त्याच्यापेक्षा तगड्या टीमविरुद्ध. सोप्या मॅचमध्ये सगळेच कलाकार असतात.

रिपोर्टात विशेषणं नकोत. ‘वृत्ती चांगली’ वाचून मला काहीच कळत नाही. ‘३४वं मिनिट, उजव्या बाजूला चेंडू गमावला, स्वतः मागे धावला, फुलबॅक पुढे गेला होता त्याची जागा भरली’ हे वाचून कळतं. दोघे-तिघे स्काउट एकाच पोराला बघणार असतील तर रिपोर्ट जमा होईपर्यंत आपसांत बोलायचं नाही असा नियम ठेवा. गाडीत परत येताना सगळ्यांत अनुभवी माणूस एक वाक्य बोलतो आणि तिन्ही रिपोर्ट तेच वाक्य होऊन जातात.

ट्रायल एका दुपारची घेऊ नका. त्या दुपारी कळतं ते एवढंच, की दडपणाखाली अनोळखी पोरांत कोण निभावतं. जमलं तर सहा आठवडे सरावाला बोलवा. पहिल्या आठवड्यात त्याला न येणारी एक गोष्ट शिकवा, म्हणजे कमकुवत पायाने अर्धं वळून चेंडू घेणं वगैरे, आणि चौथ्या आठवड्यात कुणी न सांगता ती मॅचमध्ये येते का बघा. आज कुठे आहे यापेक्षा किती वेगाने शिकतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं, आणि ते एका दुपारी दिसूच शकत नाही.

घरच्यांशीही याच आठवड्यांत बोला. सरावाला यायला किती वेळ लागतो, शाळेचा अभ्यास कधी होतो, झोप किती मिळते. ओरडणारा बाप दिसला म्हणून पोरावर फुली मारू नका. बापाला क्लब समजावू शकतो.

निवडल्यावर

प्रत्येकाची वेगळी योजना करा, पण त्यात एका वेळी दोनच गोष्टी. एक त्याची ताकद आणखी धारदार करायला, एक उणीव भरून काढायला. अकॅडम्या उणिवांच्या मागे लागतात आणि सगळ्या बाबतींत बरा, कशातच भारी नाही असा खेळाडू तयार करतात. सीनियर टीमचा कोच मात्र पोराला घेतो तो एखाद्या भारी गोष्टीसाठीच.

जागा लवकर पक्की करू नका. गॅरेथ बेल साउदॅम्प्टनच्या सीनियर टीममध्ये आला तो लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू म्हणून, आणि नाव कमावलं ते पुढे विंगर म्हणून. चौदापर्यंत प्रत्येकाने वर्षात निदान तीन जागी खेळावं. लवकर वाढलेल्याला मधूनमधून वरच्या वयोगटात टाका, म्हणजे नुसत्या ताकदीवर जिंकायची सवय मोडेल. उशिरा वाढणाऱ्याला कधी खालच्या गटात कप्तान करून खेळवा.

उंची झपाट्याने वाढायला लागली, म्हणजे वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरच्या वेगाने, की पोरगा अचानक धडपडायला लागतो. काल येणारा टच आज येत नाही. पाय लांब झालेत, मेंदूला अजून पत्ता नाही. गुडघ्याच्या खालच्या हाडाचा उंचवटा किंवा टाच दुखायची तक्रार याच वेळी येते. उड्या आणि स्प्रिंट कमी करा, फिजिओला दाखवा आणि या काळात करार वाढवायचा की नाही याचा निर्णय पुढे ढकला. दर तीन महिन्यांची मापं असतील तर हे आधी दिसतं. नसतील तर कोच म्हणतो, ‘पोराचं लक्ष उडालंय.’

मुलींच्या टीमला हेच वेळापत्रक दोन वर्षं आधी लावा, आणि गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत त्यांच्यात जास्त होते म्हणून फिफा ११+ सारखा वॉर्म-अप पहिल्या दिवसापासून सक्तीचा ठेवा.

सीनियर टीमचं दार

मँचेस्टर युनायटेडच्या प्रत्येक मॅचच्या संघात ऑक्टोबर १९३७ पासून अकॅडमीतला निदान एक खेळाडू असतो. बार्सिलोना २५ नोव्हेंबर २०१२ ला लेव्हांतेविरुद्ध खेळत असताना दानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला, मार्टिन मोंतोया आत आला आणि मैदानावरचे अकराही ला मासियात, म्हणजे बार्सिलोनाच्या अकॅडमीत, घडलेले झाले. खालपासून वरपर्यंत एकाच पद्धतीने खेळत असतील तर बदली खेळाडूला नव्याने काही समजावावं लागत नाही. पण सगळ्यांत आधी दार उघडं लागतं. अठरा वर्षांचा राइट बॅक तयार होत असताना क्लबने त्याच जागी बावीस वर्षांचा माणूस पाच वर्षांसाठी विकत घेतला, तर तुमची दहा वर्षं पाण्यात. म्हणून तो पहिला तक्ता खरेदी करणाऱ्याच्या टेबलावर रोज असला पाहिजे. युरोपात खेळणाऱ्या क्लबला युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, नियमही मदतीला येतो. २५ जणांच्या यादीत आठ जागा देशात घडलेल्यांसाठी आणि त्यांतल्या चार स्वतःच्या क्लबात घडलेल्यांसाठी असतात. घडलेला म्हणजे पंधरा ते एकवीस या वयात तीन वर्षं नोंदवलेला.

लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडे उसना पाठवताना, क्लबचं नाव बघू नका. तिथला कोच कोणत्या रचनेत खेळवतो, त्या जागेवर आणखी कोण आहे आणि आपला कोण माणूस दर आठवड्याला त्याच्याशी बोलणार, या तीन गोष्टी लिहून घ्या. केन लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच आणि लेस्टर असे चार क्लब फिरून आला, आणि सगळीकडे तो चमकला असंही नाही.

कागद

हे कंटाळवाणं आहे आणि यातच क्लब बुडतात. फिफाच्या नियमांतल्या १९व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके, त्यांतले मुख्य असे: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, सोळा ते अठरा वयात युरोपीय संघाच्या आत अटी पाळून, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आत असले तर. बार्सिलोनाला २०१४ मध्ये, रेआल माद्रिद आणि ॲटलेटिकोला २०१६ मध्ये आणि चेल्सीला २०१९ मध्ये नवे खेळाडू नोंदवायची बंदी झाली ती अल्पवयीन खेळाडूंबाबतचे हे नियम मोडल्याबद्दल. बापाला नोकरी ‘लावून देऊ’ असं कुणी सुचवलं तर बैठक तिथेच थांबवा. अठरा वर्षांखालच्याशी तीन वर्षांहून लांब करारही करता येत नाही.

लहान क्लबसाठी याच नियमांत पैसा आहे. खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशात विकला गेला की किमतीतले ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा दर वर्षाला किमतीच्या ०.२५ टक्के, पुढे दर वर्षाला ०.५ टक्के. पोरगा घडवल्याबद्दल नवा क्लब देतो ती प्रशिक्षण भरपाई वेगळी. नोव्हेंबर २०२२ पासून हे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाउस या वाटप करणाऱ्या संस्थेतून फिरतात, पण तुमच्या क्लबात तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नोंदला होता हे असोसिएशनच्या दप्तरात बरोबर असेल तरच. दरवर्षी एकदा जाऊन तारखा ताडून बघा.

नाही सांगताना

बहुतेक पोरांना कधीतरी नाही सांगावं लागतं, म्हणून ते नीट सांगण्याची पद्धत ठरलेली हवी. मेसेजवर नाही, सरावानंतर घाईत नाही, आणि गटात तर नाहीच. आई-वडिलांसोबत बसवा, ओळखीचा कोच समोर असू दे, पहिल्याच मिनिटात निर्णय सांगा. प्रस्तावना लांबली की पोरगा त्यात आशा शोधत बसतो. कारण फुटबॉलच्या भाषेत सांगा, ‘तू कमी पडलास’ असं नको. ‘या जागेवर आमच्याकडे दोघे आहेत आणि त्यांना आम्ही पुढे धरतोय’ हे खरं असेल तर तसंच म्हणा. निर्णय सीझन संपायच्या बराच आधी झाला तर दुसरा क्लब शोधायला वेळ मिळतो.

जाताना त्याच्या हातात फाइल द्या: मापं, रिपोर्ट, मॅचच्या क्लिप, आणि ज्या क्लबांशी तुम्ही स्वतः बोललात त्यांची नावं. पंधरा दिवसांनी घरी फोन करा, तीन महिन्यांनी पुन्हा. शाळेत जातोय का, खेळतोय का, झोपतोय का, एवढंच विचारा. काही बिनसलंय असं वाटलं तर क्लबच्या डॉक्टरांना सांगा.

आणि त्याची नोंद पुसू नका. सोडलेल्यांचा वेगळा तक्ता ठेवा, ज्यांची वाढ सोडताना बाकी होती ती नावं वर. वर्षाने त्यांच्या नव्या टीमच्या मॅचला स्काउट पाठवा, आणि तो त्या पोराला आधी ओळखत नसलेला स्काउट असू दे. परत घ्यायची वेळ आली तर जन्मतारखेपासून डाव्या पायापर्यंत सगळं आधीच तुमच्याकडे लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या मोठ्या क्लबाने तोवर त्याच्याकडे बघणं सोडलेलं असतं.